हर की दूनला पहिल्यांदा जाताय? बुकिंगपासून परतीच्या गाडीपर्यंत

सह्याद्रीत बरीच वर्षं हिंडून झाल्यावर मी पहिल्यांदा हिमालयात गेले ती हर की दूनला. नंतर त्याच दरीत आणखी दोनदा जाऊन आले, एकदा ओळखीतल्या सहा जणांना घेऊन. नव्याने जाणारे भेटले की तेच प्रश्न येतात. बुकिंग कोणाकडे करायचं, कागदपत्रं काय लागतात, वर डोकं दुखायला लागलं तर काय करायचं? यातलं बरंचसं मला तिथे गेल्यावर, चुकत चुकत कळलं. तुमचा तेवढा त्रास वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जागेबद्दल. हर की दून उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशु विहार राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. १९५५ साली इथे अभयारण्य झालं, त्याला नाव गोविंद वल्लभ पंत यांचं. दरीच्या वरच्या टोकाची उंची सुमारे ३,५०० मीटर, आणि समोर ६,२५२ मीटरचं स्वर्गारोहिणी शिखर. पांडव इथूनच स्वर्गाला गेले असं मानतात. पहिल्या ट्रेकसाठी मी हीच दरी सुचवते, कारण इथे खिंड ओलांडायची नसते. गेलो त्याच वाटेने परत यायचं असतं. त्यामुळे बरं वाटेनासं झालं तर कोणत्याही दिवशी मागे फिरता येतं. खिंडीच्या ट्रेकमध्ये एका टप्प्यानंतर मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच अवघड होऊन बसतं.

१. महिना ठरवा

एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात. एप्रिलमध्ये वरच्या भागात बर्फ भेटू शकतं. मे-जूनमध्ये गवत हिरवं होतं, पण माणसांची गर्दीही तेव्हाच. माझी आवड सप्टेंबरअखेरची. वाटेतल्या ओसला आणि गंगाड या गावांच्या उतारांवर तेव्हा राजगिऱ्याची शेतं लालभडक झालेली असतात आणि पाऊस संपल्यामुळे शिखरं सकाळी स्वच्छ दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. वाट चालण्याजोगी असली तरी डेहराडूनहून येणारा रस्ता दरडींनी कधी बंद होईल सांगता येत नाही. डिसेंबर ते मार्च बर्फातला ट्रेक होतो, तो पहिल्या खेपेला नको.

२. आयोजक आणि गाईड निवडा

इथे सर्वात जास्त फसगत होते. तुम्ही शहरात एका नावाला पैसे भरता, ते बुकिंग दुसऱ्याला देतात आणि सांकरीत, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावात, उतरल्यावर तिसराच माणूस न्यायला येतो. त्यात दर वेळी गैर असतंच असं नाही, पण जबाबदार कोण हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी फोनवर हे विचारा आणि उत्तरं लेखी मागा:

- आमच्यासोबत वर येणारा गाईड कोण? तो कुठल्या गावचा आणि या दरीत किती वर्षं काम करतो?
- त्याने गिर्यारोहणाचा आणि प्रथमोपचाराचा कोर्स केला आहे का? (उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून असे कोर्स घेते. सांकरी-ओसला भागातली अनेक मुलं तिथे शिकली आहेत.)
- गटात माणसं किती, आणि किती जणांमागे एक गाईड?
- ऑक्सिजन सिलिंडर आणि ऑक्सिमीटर वरच्या तळापर्यंत सोबत असतात का, की सांकरीतच राहतात?
- ओसल्याहून एका दमात वर नेता की मधे मुक्काम आहे?
- वनविभागाची फी, डेहराडून-सांकरी प्रवास, सॅक वाहायला खेचर, यातलं पैशात काय धरलंय आणि काय नाही?
- तळ नक्की कुठे लागणार आणि त्याची परवानगी आहे का?

शेवटचा प्रश्न अनेकांना फालतू वाटतो. पण २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करायला मनाई केली होती. त्यामुळे तळाच्या जागेबाबत जो आयोजक ‘बघू वर गेल्यावर’ म्हणतो, त्याच्याकडे मी जात नाही.

गट नको असेल तर सांकरीतल्या स्थानिक गाईडशी थेट बोलूनही जाता येतं. दुसऱ्या खेपेला मी तसंच केलं. पैसे थेट गावात जातात आणि वेळापत्रक तुमच्या पायांप्रमाणे ठरतं. मात्र राशन, तंबू, परवाना यातलं कोण काय बघणार हे आधी नीट बोलून घ्या.

३. कागदपत्रं

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे तीन-चार फोटो
- नोंदणीकृत डॉक्टरच्या सही-शिक्क्याचं फिटनेस सर्टिफिकेट
- आयोजकाचा आरोग्याचा फॉर्म आणि हमीपत्र
- ट्रेकिंगला लागू होणारा विमा असेल तर त्याची छापील प्रत
- घरच्या दोघांचे फोन नंबर कागदावर लिहिलेले

साध्या आरोग्य विम्यात उंचावरचा ट्रेक बऱ्याचदा धरलेला नसतो, पॉलिसी वाचून घ्या. वनविभागाचा परवाना सहसा आयोजकच काढतो. सांकरीच्या अलीकडे नैटवाडच्या चौकीवर नोंद होते. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रंही भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, परदेशातून कोणी आणून दिली असली तरी.

आता आरोग्याच्या फॉर्मबद्दल, कारण मला सर्वात कळकळीने सांगायचंय ते इथेच आहे. आम्ही सहा जण गेलो तेव्हा एकाने रक्तदाबाची गोळी चालू असल्याचं फॉर्ममध्ये लिहिलं नाही. ‘लिहिलं तर नेणार नाहीत’ अशी भीती. मधल्या तळावर संध्याकाळी गाईडने सगळ्यांना रांगेत बसवून रक्तदाब मोजला. त्याच्यापाशी आल्यावर यंत्राचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजला. मग काही न बोलता तसाच थोडा वेळ शेजारी बसून राहिला. तेव्हा कुठे मित्राने खरं सांगितलं. गोळ्यांचं पाकीट खेचरावरच्या सॅकमध्ये होतं आणि दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्या होत्या. गाईड एवढंच म्हणाला, “भाईसाब, पहले बता देते तो ओसला में एक दिन रुक जाते, फिर आप भी ऊपर चलते.” दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र एका सहाय्यकासोबत खाली उतरला.

दमा, साखर, रक्तदाब, जुनं गुडघ्याचं दुखणं, कसलीही अ‍ॅलर्जी, सगळं लिहा. ते नाव कापायला नसतं. तुमच्यासाठी वेग, मुक्काम आणि औषधं ठरवायला गाईडकडे तेवढीच माहिती असते.

४. शरीराची तयारी

निदान आठ आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्यातून चार दिवस चालणं-धावणं, पाच किलोमीटर ३५-४० मिनिटांत न धापता होईपर्यंत. आठवड्यातून दोनदा जिने, आणि शेवटचे तीन आठवडे ते पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन. जिने उतरायचाही सराव करा. सगळे चढायची तयारी करतात आणि गुडघे बोलायला लागतात ते परतीच्या उतारावर.

सह्याद्रीतल्या मंडळींना एक सांगते. आपली सवय दीड दिवस जोरात चालून घरी येण्याची. इथे रोज दहा-बारा किलोमीटर सलग चार-पाच दिवस चालायचं असतं, आणि रात्री तंबूत झोप अर्धीच लागते. पहिल्या दिवशी पुढे पळणाऱ्याला कोणी शाबासकी देत नाही. गाईड त्याच्यावर उलट जास्त लक्ष ठेवतो.

५. बूट आणि सामान

घोटा झाकणारे, पकड असलेले ट्रेकिंगचे बूट हवेत. नवे घेतले तर निघण्याआधी पन्नासेक किलोमीटर वापरून घ्या. जुन्या बुटांची अडचण मात्र निराळी. माझे बूट चार वर्षांपूर्वीचे होते, फार कमी वापरलेले, डब्यात जपून ठेवलेले. ‘तालुका’ नावाच्या गावाहून (चालायला सुरुवात होते ती तिथून) दीड तास चाललो असू, उजव्या पायाला काहीतरी लटपटतंय असं वाटलं. खाली बघितलं तर टाचेकडून तळ सुटून जिभेसारखा लोंबत होता. आतला फेस बोटाने दाबला की भुसा व्हावा तसा चुरत होता. असे तळ दमट हवेत पडून राहूनच खराब होतात, वापरले नाहीत तरी. खेचरवाल्या भैजींनी ओझं बांधायची दोरी कापून बुटाभोवती आठच्या आकड्यासारखी आवळून दिली. त्या दोरीवर मी ओसल्यापर्यंत पोचले, पुढचे दिवस एका सहाय्यकाच्या जादा बुटांवर निभावले. म्हणून महिनाभर आधी जुने बूट बाहेर काढा, तळ दोन्ही हातांनी वाकवून बघा, टाचेत अंगठा रुतवून बघा. भेग दिसली किंवा भुसा निघाला तर ते बूट घरीच ठेवा.

बाकीचं सामान:

- ४५ ते ६० लिटरची सॅक, पावसाळी कव्हरसह. ती खेचरावर देणार असाल तर दिवसभरासाठी २० लिटरची छोटी
- लवकर वाळणारे तीन टीशर्ट, दोन ट्रेक पँट (जीन्स अजिबात नको)
- थर्मलचा एक जोड, फ्लीस, जाड जॅकेट
- पोंचो किंवा रेनकोट
- लोकरीची टोपी, उन्हाची टोपी, हातमोजे, बफ (गळ्याभोवती घालायचं नळीसारखं कापड)
- चार-पाच जोड मोजे, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा
- हेडटॉर्च आणि जादा सेल. मोबाइलचा टॉर्च चालत नाही
- गॉगल, सनस्क्रीन, लिप बाम
- एक लिटरच्या दोन बाटल्या, ट्रेकिंग पोल, पॉवर बँक
- स्वतःचा डबा, मग आणि चमचा

औषधं: ओआरएस, पॅरासिटामॉल, जुलाब थांबवणारी गोळी, क्रेप बँडेज, फोडांसाठी चिकटपट्टी आणि रोजची औषधं दुप्पट दिवसांची. ही पिशवी खेचरावर देऊ नका. दिवसभर तुमच्या पाठीवरच असू द्या.

मैत्रिणींसाठी: उंचीमुळे आणि दगदगीमुळे पाळी आधी येऊ शकते, तारीख लांब असली तरी पॅड किंवा कप ठेवा. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत परत आणायची असतात. पुरुष गाईडशी बोलायला मला पहिल्यांदा अवघड गेलं होतं. “आज तबीयत ठीक नहीं, धीरे चलूँगी” एवढं सांगितलं तरी त्याला समजतं आणि तो थांबे वाढवतो.

६. डेहराडून ते सांकरी

डेहराडूनपर्यंत विमानाने, किंवा दिल्ली-हरिद्वारमार्गे रेल्वेने. पुढे सांकरी सुमारे २०० किलोमीटर, पण पूर्ण दिवस जातो, आठ ते दहा तास. मसुरी, नैनबाग, डामटा, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा रस्ता.

बसने जाणार असाल तर एक चूक हमखास होते. सांकरीची बस आयएसबीटीहून, म्हणजे मोठ्या आंतरराज्य बस स्थानकावरून, सुटत नाही. ती रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या मसुरी बस अड्ड्यावरून, सकाळी लवकर सुटते. आदल्या दिवशी जाऊन वेळ विचारून या. वळणांनी उलट्या होणाऱ्यांनी गोळी बस सुटायच्या अर्धा तास आधी घ्यावी, उलटी झाल्यावर नाही.

रोख पैसे डेहराडूनलाच काढा. शेवटचा फोन पुरोल्याला करून घ्या आणि घरी स्पष्ट सांगा की पुढचे पाच-सहा दिवस फोन लागणार नाही, लागला नाही म्हणजे काही झालं असं समजू नका. एका वर्षी आमच्यातल्या एकीच्या आईने तिसऱ्या दिवशी आयोजकाला चाळीस फोन केले होते.

नैटवाडला रूपिन आणि सुपिन या नद्या एकत्र येऊन टोंस होते. खाली ही टोंस यमुनेला मिळते तेव्हा यमुनेपेक्षा जास्त पाणी घेऊन येते. पुढचे सगळे दिवस तुम्ही सुपिनच्या काठाने चालणार आहात.

७. चालायचे दिवस

पहिला दिवस: सांकरीहून तालुका साधारण १२ किलोमीटर, हे जीपने. रस्ता ओढ्यांमधून जातो. जीप नक्की कुठवर जाईल हे त्या दिवशीच्या रस्त्यावर ठरतं, थोडं जादा चालायची तयारी ठेवा. तालुक्याहून नदीकाठाने गंगाडमार्गे ओसला किंवा नदीपलीकडच्या सीमापर्यंत. दिवस लांब असतो, पण चढ बेताचा.

दुसरा दिवस: ओसल्याच्या शेतांतून वर, चढ खरा सुरू होतो तो इथे. चांगले आयोजक कलकत्तियाधारला मुक्काम करतात. ओसला साधारण अडीच हजार मीटरवर आणि हर की दून त्याच्याहून सुमारे हजार मीटर वर. हे एका दिवसात करणारे गट आहेत. मी नव्या माणसाला तसं करू देणार नाही.

तिसरा दिवस: बुग्याल, भूर्जाची झाडं, मग हर की दून. चौथा दिवस तिथेच राहायचा. पाय चालत असतील तर गाईडबरोबर मनिंदा ताल किंवा जौंधार हिमनदीच्या दिशेने, नसतील तर नदीकाठी बसून स्वर्गारोहिणी बघत राहायचं. मी तिसऱ्या खेपेला यातलं दुसरं केलं, नुसती बसून राहिले. मग दोन दिवसांत खाली.

ओसल्याबद्दल जरा थांबून सांगते. देवदाराच्या लाकडाची आणि दगडाची घरं, मध्यभागी लाकडी कोरीवकामाचं देऊळ. बाहेर ते ‘दुर्योधनाचं मंदिर’ म्हणून सांगितलं जातं, गावकरी मात्र आपल्या देवाला सोमेश्वर म्हणतात. गावात शिरून “दुर्योधन का मंदिर कहाँ है” असं ओरडत विचारू नका. देवळाच्या पायऱ्या चढण्याआधी, बायकांचे आणि मुलांचे फोटो काढण्याआधी विचारा. मुलांना चॉकलेटं वाटू नका. पुढच्या गटाकडे ती हात पसरून धावत येतात. त्यापेक्षा एखाद्या घरात मंडुव्याची भाकरी आणि राजमा पैसे देऊन खा. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच.

८. उंचीचा त्रास

तीन हजार मीटरच्या आसपास कोणालाही होऊ शकतो. तरुण, धट्टाकट्टा, रोज धावणारा, कोणीही सुटत नाही. सुरुवातीची लक्षणं साधी असतात: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, थकवा, झोप न येणं. नेमकी हीच लोक लपवतात, ‘माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल’ म्हणून. आमचा गाईड जेवणाच्या तंबूत स्वतः सर्वात शेवटी जेवायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, “कौन थाली वापस कर रहा है, वही देखता हूँ.”

- डोकं दुखत असेल तर त्या दिवशी त्याहून वर झोपायचं नाही. पाणी, विश्रांती आणि गाईडला खबर.
- बसल्या जागी धाप, छातीत घरघर, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी: फुप्फुसात पाणी होत असल्याची खूण.
- तोल जाणं, असंबद्ध बोलणं, खूप गुंगी: मेंदूला सूज येत असल्याची खूण. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमलं नाही तर वेळ घालवू नका.

शेवटच्या दोन्हींत उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणं, रात्र असली तरी. ऑक्सिजन आणि औषधं त्या उतरण्याला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत.

उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स नावाची गोळी घ्यायची का, हे घरूनच डॉक्टरला विचारून ठरवा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर पूर्ण बंद.

९. तळावर

पोचल्या पोचल्या घामट टीशर्ट बदला, गारठा तिथूनच शिरतो. लगेच आडवे होऊ नका, थोडं फिरा. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो. फोन, पॉवर बँक आणि हेडटॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली असते. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली की झोप लागते. नदीचं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. नदीत साबण वापरायचा नाही. शौचाच्या तंबूत खड्ड्यावर माती टाका. ओले टिश्यू तिथे टाकू नका, ते कुजत नाहीत.

१०. परतीचा प्रवास

खेचरवाले बहुतेकदा तालुक्यातूनच मागे फिरतात. सांकरीत पोचून बक्षिसी देऊ म्हणाल तर ते तिथे नसतात. सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा आणि खेचरवाला, स्वयंपाकी, सहाय्यक यांना ज्याच्या त्याच्या हातात द्या.

सांकरीहून निघाल त्याच रात्रीची रेल्वे किंवा विमान कधीही घेऊ नका. पहिल्या वेळी मी घेतली होती. डामट्याच्या अलीकडे दरड आली, जेसीबी येईपर्यंत पाच तास रस्त्यावर बसलो आणि गाडी गेली. आता मी डेहराडूनला एक रात्र मोकळी ठेवूनच तिकीट काढते.

आणि गाईडला “फोटो भेजेंगे” म्हटलं असेल तर ते छापून पोस्टाने पाठवा. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा बुटाला दोरी बांधतानाचा तो फोटो भैजींच्या घरात, चुलीमागच्या भिंतीवर लावलेला होता.